ज्या बाकावर कोणी बसेना

दगडाचं काम केलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. हात दुखत नाहीत का, आणि डोळ्यांत कच जात नाही का. हात दुखतात आणि कच जाते. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं आणि गप्पा दुसरीकडे वळतात. या अंकाच्या संपादकांनी मात्र तिसरंच विचारलं. म्हणाले, उस्मानभाई, तुमचं एखादं काम साफ फसलं असेल तर त्याबद्दल लिहा. मला रागच आला. जन्मभर टाकी चालवलेल्या माणसाला असं विचारतात का? घरी आलो, चहा प्यालो, राग उतरला आणि फसलेलं काम लगेच समोर उभं राहिलं. गंमत अशी की त्या कामानं दिलं तेवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्याच कामानं दिलेलं नाही. म्हणून लिहितो.

आमचं घर हिंगोलीत तीन पिढ्यांपासून पाथरवटाचं. जाती, पाटे, उखळं, उंबरे, पायऱ्या, विहिरींचे काठ आणि नावं कोरलेले दगड हे आमचं काम. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेत मी उर्दू शिकलो आणि मराठी बाजारात शिकलो. देवनागरी अक्षरं मला आधी कोरता यायला लागली, वाचता नंतर आली. माझ्या वडिलांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं. त्यांना कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कोरलेल्या ओळीत एक काना वाकडा निघाला नाही. पुढे त्यांची नजर गेली आणि टाकी माझ्या हाती आली.

लोकांना वाटतं हे हाताचं काम आहे. खरं तर कानाचं आहे. खाणीतला दगड घेण्याआधी आम्ही तो हातोडीनं वाजवून बघतो. सलग दगड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर बद्द आवाज येतो, मग तो वरून कितीही देखणा असो. अशा दगडाची पायरी करा, चार पावसाळ्यांत दुभंगते. अक्षर कोरताना तर आणखी जपावं लागतं. आधी गेरूनं अक्षर लिहायचं, मग बारीक छिन्नीनं त्याच्या कडा धरायच्या, मग पोट खोदायचं. घाई केली की ढलपा उडतो आणि माणसाचं नाव लंगडं होतं. मातीचं भांडं मोडलं तर कुंभार पुन्हा माती कालवतो. दगडातून जे उडालं ते परत लावता येत नाही. म्हणून पाथरवट सहसा कमी बोलणारा असतो. आमच्या घराण्यात मी एकटाच तोंडाळ निघालो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. कळमनुरीची एक बाई नवीन जातं बैलगाडीत घालून परत घेऊन आली. तक्रार काय, तर जातं फार गप्प आहे. मी म्हटलं, मावशी, पीठ बारीक पडतं ना? ती म्हणाली, पिठाचं राहू द्या, पहाटे जात्याचा आवाज गेला न्हाई तर शेजारणी म्हणतात हिच्या घरी दळायला दाणा न्हाई. मी त्या जात्याला मुद्दाम आडवीतिडवी टाकी लावून दिली. पुढच्या बाजाराला ती खूश होऊन सांगून गेली की आता चार घरं जागी होतात.

आणखी एक सांगतो, कारण माझ्या चुकीचं मूळ त्यातच आहे. औंढ्याच्या वाटेवर एका देवळाच्या पायऱ्या आम्ही घडवल्या. त्या पायऱ्यांवर आपलं नाव कोरून घ्यायला माणसं गावोगावहून आली. भक्तांच्या पायांची धूळ आपल्या नावावर पडावी, अशी त्यांची भावना. सुरुवातीला मला ते चमत्कारिक वाटलं. पुढे सवय झाली. वर्षभर मी पायऱ्यांवर नावं कोरत होतो. त्याखेरीज माझी बाकीची अक्षरं कबरींवर जायची, आणि कबरीचा दगडही आडवाच असतो. थोडक्यात, दगड आडवा ठेवायचा आणि वरच्या अंगाला नाव कोरायचं, हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की डोकं वापरायची गरज उरली नव्हती.

अशा वेळी पाद्रीसाहेबांचं बोलावणं आलं.

हिंगोलीला पूर्वी फौजेची छावणी होती. माझ्या जन्माआधीच ती उठून गेली. मागे राहिलं एक छोटं गिरजाघर आणि त्याच्या आवारातल्या कबरी. गोऱ्या शिपायांच्या, त्यांच्या बायकांच्या, आणि पुष्कळशा तान्ह्या लेकरांच्या. त्यांचं इथं मागे कोणी नव्हतं. गावातली ख्रिस्ती घरंही चार-दोनच. पाद्रीसाहेब जालन्याकडचे, आपलेच मराठी माणूस, उंच, किडकिडीत, सायकलवरून फिरणारे. बारा वर्षं ते इथं होते. त्यांनी मला आवार दाखवलं आणि म्हणाले, हे सगळं इतकं नीट कसं राहिलं, माहीत आहे का?

मग त्यांनी पाच घरांची गोष्ट सांगितली. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरानं पडलेली भिंत दर पावसाळ्यानंतर बांधली होती. सुताराच्या घरानं दारं-खिडक्या सांभाळल्या होत्या. इमाम पखालीच्या घरानं उन्हाळ्यात कातडी पखालीतून झाडांना पाणी घातलं होतं. ख्रिस्ती याकोबच्या घराकडे गिरजाघराची किल्ली होती. आणि धनगराच्या घरानं आपली मेंढरं आत चारून गवत कापल्यासारखं आखूड ठेवलं होतं, नाहीतर त्या कबरी केव्हाच झुडपांत बुडाल्या असत्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. बापानं केलं म्हणून मुलगा करत आला होता. पाद्रीसाहेबांची नाताळानंतर बदली व्हायची होती. जाण्याआधी या पाच घरांच्या नावानं आवारात एक दगडी बाक करून ठेवायचं त्यांच्या मनात होतं.

बाकच का, तेही त्यांनी सांगितलं. धनगराच्या घरची गयाबाई रोज दुपारी मेंढरं घेऊन तिथं यायची. सत्तरी गाठलेली, गुडघे सुजलेले. आवारात ओटा नाही, पार नाही. कबरीवर बसणं तिला पाप वाटायचं. जमिनीवर बसली तर उठता यायचं नाही. एकदा उठताना तिनं एका कबरीच्या कोपऱ्याचा आधार घेतला आणि मग त्या कबरीतल्या साहेबाला हात जोडून माफी मागितली. पाद्रीसाहेबांनी खिडकीतून ते पाहिलं होतं.

ते म्हणाले, "उस्मान, बाकीच्यांचा मान राहील. पण मला जाण्याआधी त्या बाईला बसलेलं बघायचं आहे."

मी म्हटलं, बघालच. बाक ही चीज तोवर मी केली नव्हती, आमच्या भागात कोणी करतही नव्हतं. लोक पारावर बसतात, ओट्यावर बसतात, नाहीतर उकिडवे बसतात. पण दोन पाय, एक बैठक, एक पाठ, यात अवघड काय? असा माझा तोरा.

नावं गोळा करायला मी घरोघर गेलो. प्रत्येक घराच्या ज्या माणसानं हे काम सुरू केलं त्याचं नाव घालायचं होतं. जिवंत माणसाचं नाव दगडावर नको, असं सगळ्यांनीच बजावलं. धनगरवाड्यात गयाबाई एकटी होती. नाव तिच्या सासऱ्याचं. ती ते उच्चारायला तयार नाही. मी म्हटलं, मावशी, दगडावर घालायचंय, सांगा तरी. तिनं पदर ओढून घेतला, तोंड फिरवलं आणि म्हणाली, मारोती येईस्तोर बस, त्योच सांगल. मारोती तिचा मुलगा. मी तासभर बसलो. तिनं ताक दिलं, भाकरी दिली, सासऱ्याच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ते मेंढरू नुसतं बघून त्याचं दुखणं कसं ओळखायचे तेही सांगितलं. नाव तेवढं नाही. शेवटी मारोती आला आणि त्यानं सांगितलं, राणोजी.

दोन महिने मी राबलो. बैठकीला साडेतीन हात लांब काळा दगड, सलग, खणखणीत. पाठीला पातळ फळी होती, पण तिच्यात एक शीर दिसत होती. तिच्यावर छिन्नी मारली असती तर ती उघडली असती. म्हणून पाठ कोरी ठेवली आणि पाचही नावं बैठकीवर कोरली. खोल, ठसठशीत, प्रत्येक अक्षर चार बोटं उंच. बैठकीची पुढची कड मांडीला टोचू नये म्हणून दोन दिवस घासून गोल केली. इतकी गोलाई मी आयुष्यात दुसरीकडे साधली नाही. दसऱ्यानंतर बाक बसवलं. पाद्रीसाहेबांनी हात फिरवून पाहिलं आणि मला चक्क मिठी मारली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर पाचही घरची माणसं जमली. पाद्रीसाहेब चार शब्द बोलले आणि म्हणाले, बसा आता. शेतकऱ्याच्या घरचे देवरावकाका सुताराकडे बघून म्हणाले, तुमी बसा. सुतार इमामला म्हणाला, तुमी बसा. इमाम म्हणाला, आधी मावशीला बसू द्या. गयाबाई म्हणाली, बसतील की समदे, घाई काहून? मला वाटलं, रीत चालली आहे, आपल्याकडे पहिल्यांदा कोण बसतं? पेढे वाटले, सगळे पांगले. पाद्रीसाहेब स्वतःही बसले नव्हते, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आठवड्यानं गेलो तर बाकावर झेंडूची फुलं. मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात राणोजीच्या नावावर हळद-कुंकू. सुताराच्या घरून नारळ आला होता. इमामच्या घरच्यांनी जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, लोबान जाळला होता. कोणीतरी बाकाभोवती सडा घालून जात होतं. एक कुत्रं वर चढून बसलं तर याकोबनं त्याला रस्त्यापर्यंत पिटाळलं. आणि गयाबाई बाकापासून चार हातांवर, काठीला टेकून, भर दुपारी उभी. आधी निदान कधीतरी खाली तरी बसायची. आता देवासमोर पाय पसरून कसं बसायचं म्हणून तेही बंद झालं होतं.

पाद्रीसाहेब हसत होते, पण ते हसणं काही खरं नव्हतं. म्हणाले, मी बाक सांगितलं होतं, तू देवस्थान करून ठेवलंस. मग आम्ही दोघं गयाबाईकडे गेलो. पाद्रीसाहेबांनी तिला विनवलं, मी विनवलं. बसा हो मावशी, तुमच्यासाठीच केलंय.

ती खजील झाली. म्हणाली, "बाबा, तुमचं मन मोडून राहिले, मला समजतंय. पर मामंजीच्या नावावर कशी बसू? जित्तेपणी त्यायच्या पुढं बाजेवर बी बसले न्हाई."

मला तेव्हा कळलं. पायरीवर नाव घालणाऱ्याला धूळ हवी असते, ती त्याची भक्ती. इथं नावं थोर माणसांची होती आणि त्यांच्यावर बसायचं होतं त्यांच्याच सुनांनी, नातवंडांनी. शाळेत कागदाला पाय लागला तर तो डोळ्यांना लावणारे आम्ही लोक. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, त्या पाच घरांतलं एकही माणूस तिथं बसणार नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि तसंच झालं. मी अब्बांना, माझ्या वडिलांना, हात धरून आवारात नेलं. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी बैठकीवरून सावकाश हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अक्षरांवरून बोटं नेली, कड चाचपली. मला वाटलं गोलाईचं कौतुक करतील.

ते म्हणाले, "बेटा, काम अच्छा है. पर ये बैठने की चीज नै हुई. कबर हुई."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपलं काम वाईट झालं तर माणूस रडतो, शिव्या देतो, मोकळा होतो. हे काम चांगलं झालं होतं आणि तरी निकामी होतं.

आता करायचं काय? मी सुचवलं, नावं घासून काढतो, बैठक बोटभर खाली जाईल, सपाट होईल. अब्बा इतके चिडले की काठी उगारली. घडवताना चूक झाली तर दगड टाकून देतात, पण पुरं कोरलेलं नाव पाथरवट पुसत नाही, हा आमच्या घरचा दंडक. पाद्रीसाहेब म्हणाले, मग दगड उलटा करू, नावं खालच्या अंगाला जातील. मला ते पटत होतं. पण देवरावकाकांनी कानावर हात ठेवले. "नाव उपडं घालता? त्यापेक्षा आमाला शिव्या द्या." म्हणजे पुसता येत नाही, उलटता येत नाही, बसता येत नाही. नाताळ महिन्यावर आलेला. पाद्रीसाहेबांनी सामान बांधायला काढलं होतं.

वाट अब्बांनीच दाखवली. म्हणाले, आडवं आहे म्हणून कबर आहे. उभं कर. म्हणजे बैठकीचा दगड उचलून पाठीच्या जागी उभा करायचा, पातळ फळी काढून टाकायची आणि बैठकीला नवा दगड आणायचा. ऐकायला सोपं. पण नवा दगड साडेतीन हातांचा, तोही बिनचिरीचा, महिन्याच्या आत मिळवायचा आणि घडवायचा कसा? मी दोन खाणी पालथ्या घातल्या. वाजवून वाजवून कान बधिर झाले. आधीच्या चुकीनं माझा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. चांगला दगडही मला बद्द वाटायला लागला.

तेव्हा अब्बा म्हणाले, मला घेऊन चल. सहा वर्षं ते खाणीत गेले नव्हते. गाडीत गोधडी अंथरून त्यांना नेलं. खाणीतल्या वडारांनी त्यांना ओळखलं, पाया पडले, बसायला घोंगडी दिली. ते बसले नाहीत. एकेका दगडापाशी नेऊन मी त्यांचा हात दगडावर ठेवायचो, ते हातोडीनं तीनदा वाजवायचे, मान हलवायचे, पुढे. दुपार झाली. अकराव्या की बाराव्या दगडाला त्यांनी चौथ्यांदा वाजवलं. मग पाचव्यांदा. मग वाकून कान लावला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. ते सरळ झाले आणि वडारांना म्हणाले, हा उचला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला वाटलं, माझी चूक झाली हे बरंच झालं.

तो दगड घडवताना मी एकही अक्षर कोरलं नाही, नक्षी नाही, काही नाही. नुसती सपाट, कोरी बैठक आणि गोल कड.

दगड उभा करायचा दिवस आला तेव्हा मी माणसं कुठून आणू या विवंचनेत होतो. पण सांगावं लागलंच नाही. देवरावकाका पहारी घेऊन आले, सुतार ओंडके आणि सोल म्हणजे जाड दोर घेऊन आला, इमाम चुना कालवायला पाणी घेऊन आला, मारोती वाड्यावरचे सहा गडी घेऊन आला, याकोबनं चहा केला. सगळे मिळून चौदा जण. नावांना दोर घासू नये म्हणून गयाबाईनं आपली घोंगडी दिली. ती दगडाला गुंडाळली, मग सोल बांधला. दगड उठताना एकदा डगमगला आणि सगळ्यांच्या तोंडून आपापल्या देवाचं नाव निघालं. उभा राहिला तेव्हा अक्षरं बराबर सुलट आली. पण मी दोन दिवस घासून गोल केलेली ती पहिली कड खाली गेली आणि चुन्यात गाडली गेली. माझ्या हातची सगळ्यांत चांगली कड आज कोणाला दिसत नाही. हुनराचा गर्व करणाऱ्याला एवढी शिक्षा पुरेशी आहे.

आता त्याच दिवसाची एक गोष्ट, जी मला पुढे लागून राहिली. घोंगडी सोडून तिला परत देताना मी ती पाच नावं एका ओळीत उभी पाहिली आणि डोक्यात आलं, ही पाचही पुरुषांची. पण गेली चाळीस वर्षं मेंढरं घेऊन येत होती ती ही बाई. पखालीच्या घरी इमामची आई मडकी भरून आणायची. राबल्या त्या बायका आणि दगडावर राणोजी. मी गयाबाईला म्हटलं, मावशी, कोपऱ्यात जागा आहे, तुमचं नाव घालतो. ती खो खो हसली. म्हणाली, मी मेले का काय? मीही हसलो आणि विषय संपला. संपवायला नको होता. ती गेल्यावर तरी मी घालायला हवं होतं. ती गेली तेव्हा मी परगावी कामात होतो, नंतर घरात अडचणी आल्या, मग हात थरथरायला लागले. जागा अजून कोरी आहे. याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटत राहणार.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गयाबाई मेंढरं घेऊन आली. पाद्रीसाहेब गिरजाघराच्या दारात उभे, मी भिंतीपाशी, मारोती फाटकात. तिनं बैठकीकडे बघितलं, हात फिरवला, कोरी आहे याची खात्री केली. मग पाठीच्या दगडाला नमस्कार केला. मग बसली. पण कशी बसली? अगदी पुढच्या कडेवर, ताठ, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून, हात मांडीवर. नवी नवरी सासऱ्यासमोर बसते तशी. पाठ दगडाला लागू दिली नाही. मागे मामंजी होते ना. पाद्रीसाहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता आणि डोळे पुसलेले होते. मला म्हणाले, बसली रे. मी म्हटलं, बसली. दुसऱ्या आठवड्यात ते गेले.

मला मात्र चैन पडेना. बसली खरी, पण ते बसणं काय आरामाचं होतं? ताठ बसून पाठ दुखते, गुडघ्यांवर भार येतो. बाकीची माणसं हळूहळू येऊन बसायला लागली. देवरावकाका तर मस्त रेलून पानतंबाखू खायचे. एकटी गयाबाई रोज कडेवर, पदर घेऊन, शाळेतल्या पोरीसारखी. मारोतीनं समजावलं, मी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि तशीच बसायची. दोनदा दगड फोडून, चौदा माणसं लावून मी त्या बाईला दिलं काय, तर अवघडून बसायची जागा. हे मनात आलं की हातातली टाकी चुकायची.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी मी तिकडून चाललो होतो. फाटकात मारोती हातवारे करत उभा. आवाज करू नका म्हणून सांगत होता. आत मेंढरं मोकळी सुटली होती आणि पाद्रीसाहेबांनी जाताना लावून ठेवलेला झेंडू मनसोक्त खात होती. बाकावर गयाबाई झोपली होती. बैठकीवर मागे सरकून, पाठ दगडाला पुरती टेकलेली, मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरून खाली सांडलेला. पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं. तिच्या मागे राणोजीचं अर्धं नाव दिसत होतं, अर्धं तिच्या पाठीआड.

मारोती म्हणाला, पदर सारखा करतो, उठल्यावर पडलेला बघल तर तिला लई लागून राहील. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात एक कोकरू ओरडलं आणि तिला जाग आली. तिनं आम्हाला बघितलं, डोक्याला हात लावला, पदर नाही हे कळलं. तिचा हात पदराकडे गेला. मग मध्येच थांबला. तिनं मान वळवून मागच्या दगडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मामंजी गेले तवा साठीचे बी नव्हते," ती म्हणाली. "मी आता त्यायच्याहून थोरली झाले. थोरल्यानं किती दिवस पदर घ्यावा?"

आणि तिनं पाठ पुन्हा दगडाला टेकवली.